न्हाणीतलं दुसरं बाळ

एखाद्या नटाचा आवाज गाजतो, एखाद्याची नुसती एन्ट्री गाजते. वसईजवळच्या नंदाखाल गावच्या रेजिनाबायचे हात गाजलेले होते. रुंद तळवे, आखूड बोटं, आणि बारा महिने त्यांना खोबरेल तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास. त्या हातांवर नंदाखालपासून निर्मळपर्यंतची निम्मी तरुण पिढी न्हाऊन निघाली होती. चर्चच्या जत्रेत मिशा फुटलेली पोरं तिला बघून लाजायची, कारण ती भर माणसांत म्हणायची, "तू रे? तुझ्या ढुंगणावर तीळ आहे ना?"

आता बाळं वसईच्या इस्पितळांत जन्मतात. पण बाळंतीण घरी आली की दुसऱ्या सकाळी रेजिनाबायला निरोप जायचाच. ती यायची, झगा गुडघ्यापर्यंत खोचायची, न्हाणीत पाटावर बसून पाय लांब करायची. बाळ नडग्यांवर. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग कढत पाण्याच्या धारा. शेजारी पाणी घालायला दुसरी एक बाई. आणि सगळ्यात शेवटी बाळ पालथं करायचं. त्याचं कपाळ घोट्यांच्या बेचक्यात टेकवायचं, डावा तळवा गळ्याखाली धरायचा, म्हणजे मोरीकडे धावणाऱ्या पाण्याला त्याचं तोंड लागत नाही. पाठीवर धारा पडत असताना बाळाचा जीव त्या एका तळव्याच्या भरवशावर असतो. सासूने तिला हे शिकवलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "इथे गप्पा मारायच्या नाहीत."

रेजिनाबाय गप्पा मारायची. हात आपोआप चालायचे. इतकी वर्षं झाली होती.

ती सकाळ अगदी साधी होती. केविन नावाच्या पोराच्या घरी त्याची पहिली मुलगी न्हात होती. उन्हाची तिरीप न्हाणीच्या जाळीतून आत आलेली, वाफ त्या उन्हात वर चढत होती. रेजिनाबायने बाळ पालथं केलं, तळवा गळ्याखाली दिला, आणि तिच्या हाताला लागलं की बाळ मेलं.

विचार आला असं म्हणता येणार नाही. विचार डोक्यात येतो. हे हातात आलं. तळव्याखाली गळ्याची जी बारीक फडफड असते ती थांबली. कानाशी ‘गुळुक’ असा आवाज झाला, पाण्याखाली तांब्या कलता व्हावा तसा. बोटांतून ऊब निघून गेली आणि नडग्यांवरचं वजन एकदम वाढलं, झोपलेल्या मुलाचं वाढतं ना, त्याहून जास्त. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, तिच्या तळव्याने दाबलं होतं. दाबल्याची कळ मनगटात होती.

तिने बाळ झटकन उलटं केलं. बाळाने मोठी जांभई दिली.

"काय झालं, मावशी?" पाणी घालणाऱ्या केविनच्या आईने विचारलं.

"काही नाही. निसटतंय की काय वाटलं."

बाळ दुपट्यात गुंडाळून तिने दिलं, शेगडीवर ओवा टाकला, चहा प्यायली. चहाच्या कपाला धरलेला डावा हात मात्र ओला होता. पुसला तरी ओलाच. आणि निघताना अंगणापर्यंत गेलेली रेजिनाबाय परत फिरली, कुणाला न सांगता न्हाणीत जाऊन आली. मोरीजवळ काही पडलेलं नव्हतं. काय पडलेलं असणार होतं, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही.

नाटकवाल्यांना एक दुःस्वप्न ठाऊक असतं. तुम्ही रंगात आला आहात, समोर गच्च माणसं, आणि विंगेतला प्रॉम्प्टर भलत्याच नाटकातलं वाक्य सांगू लागतो. तुम्ही ऐकायचं नाही म्हणता, तर तो आणखी मोठ्याने सांगतो. रेजिनाबायच्या कानाशी त्या दिवसापासून तसं कुणीतरी येऊन उभं राहिलं. फक्त हा प्रॉम्प्टर वाक्य सांगत नव्हता. तो हातात वस्तू देत होता. ओली, कोमट, मग गार होत जाणारी.

दुसऱ्या घरी तेच झालं. तिसऱ्या घरी बाळ पालथं करण्याआधीच झालं.

आणि त्या तिसऱ्या घरी रेजिनाबायला एक जुनी गोष्ट आठवली. ती नवी नवी हे काम करू लागली तेव्हा दवाखान्यातल्या एका सिस्टरने गावच्या सगळ्या सुइणींना बसवून सांगितलं होतं: बाळ हातात मरायला टेकलं, फादर वेळेवर येणार नसतील, तर तुम्हीच त्याच्या डोक्यावर पाणी घाला आणि पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्या. कुणालाही देता येतो. पण जीव जायची वेळ असली तरच. आणि बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच असतो हे विसरू नका.

रेजिनाबायच्या हातातलं बाळ त्या क्षणी मरत होतं. डोळ्यांना ते गुलाबी आणि टवटवीत दिसत होतं, हाताला मरत होतं. तिने हातावर विश्वास ठेवला. ओठ न हलवता तिने ते शब्द म्हटले आणि टाळूवर पाणी सोडलं. तळव्याखाली फडफड परत सुरू झाली. अंगावरून ओझं उतरल्यासारखं तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

हीच ती चूक. त्या हलकेपणाने तिला बांधून घातलं.

मग प्रत्येक बाळाला ते शब्द आले. मग शब्द नीट जुळून यावे लागले. ‘आत्म्याच्या’ म्हणेपर्यंत पाण्याची धार तुटली तर पुन्हा. धार टाळूवरून घरंगळून कानाकडे गेली तर पुन्हा. मधेच ‘गुळुक’ ऐकू आलं तर अगदी पहिल्यापासून. बाहेर बाळंतीण ओरडायची, "मावशी, पाणी गार होईल हां!" आणि ते होतच होतं. एका घरी बाळ काकडून निळसर पडलं, संध्याकाळी शिंकू लागलं. त्या घरच्या आजीने दुसऱ्या दिवशी दारातच हसून सांगितलं, "दोन दिवस अंघोळ नको म्हणते डॉक्टर. आम्ही निरोप पाठवू." निरोप आला नाही.

ज्या बाळाला वाचवायचं म्हणून ती पाणी घालत होती, त्याला त्या पाण्यानेच हुडहुडी भरली होती. हे रेजिनाबायला कळत नव्हतं असं नाही. घरी येऊन तिने डावा हात राखेने घासला, मग लिंबाने, मग नुसत्या काथ्याने.

आणि आत दुसरीच भीती वाढत होती. ही सगळी पोरं पुढे पांढरे झगे घालून चर्चमध्ये येणार, फादर त्यांच्या कपाळावर पाणी घालणार, आणि त्यांचा बाप्तिस्मा आधीच कुणाच्या तरी मोरीवर चोरून झालेला असणार. प्रत्येक बाप्तिस्म्याच्या रविवारी ती मागच्या बाकावर बसायची. फादरांकडून कम्युनियनचा पवित्र घास घ्यायला हात पुढे करायची वेळ आली की तळवा ओला असायचा. ती हात मागे घ्यायची आणि जीभ पुढे करायची.

कुंपणापलीकडे लतिकाचं घर. लतिका आणि दिनानाथ यांची मोगऱ्याची वाडी, इकडे रेजिना आणि प्लासिड यांची केळीची. सकाळी लतिका ओंजळभर कळ्या कुंपणावरून द्यायची, त्या रेजिनाच्या अंगणातल्या क्रुसावर चढायच्या. रेजिनाकडून केळीची पानं जायची, ती लतिकाच्या देवापुढे मांडली जायची. लतिकाचा संकेत रेजिनाच्या पायांवर न्हाला होता, आणि रेजिनाची प्रीतल न्हात असताना पाणी घालायला लतिका बसली होती. त्या संकेतला आता मुलगा झाला. सून अनुष्का घरी आली त्याच दुपारी लतिका पेढे घेऊन आली.

"उद्या सकाळी ये गं बाय. पाणी तापवून ठेवते. आणि त्याला सांभाळून धर, बापासारखा लाथा मारतो."

रेजिनाच्या नडग्यांवर काहीतरी येऊन पडलं. गार. लतिका समोर बोलत होती, हातात पेढ्याचा पुडा होता, आणि रेजिनाला आपल्या पायांवर लतिकाचा नातू पालथा जाणवत होता. त्याला वाचवणारे शब्द तिच्याकडे नव्हते. ते शब्द लतिकाच्या घरचे नव्हते. दुसऱ्याच्या नातवावर ते चोरून घालणं म्हणजे मैत्रिणीच्या घरात दरोडा. आणि शब्दांवाचून ते बाळ नक्की मरणार.

"मनगट धरलंय गं," ती म्हणाली. "दुसरी कुणी बघ."

दोन दिवसांनी लतिकाने तिला गल्लीतल्या एका ख्रिस्ती घरातून बाहेर पडताना पाहिलं. तेलकट हात, खोचलेला झगा. लतिका कुंपणापाशी थांबली. "मनगट बरं झालं वाटतं?" तिने विचारलं. रेजिनाने हात पाठीमागे घेतला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आमच्याच घरी धरतं होय. आता तुम्ही लोकही आपलं-परकं बघायला लागलात. असू दे."

त्यानंतर मोगरा आला नाही. केळीची पानं कुंपणावर ठेवलेली तशीच वाळली.

रेजिनाने सांगितलं असतं तर? पण काय सांगायचं? की तुझा नातू मी मनात रोज मारते?

हळूहळू तिने सगळीच घरं सोडली. हात मात्र सुटले नाहीत. भर दुपारी, वाडीत वारा पडलेला, केळीची पानं हलायची थांबलेली असताना ती भाजीसाठी केळफूल काढायला गेली. देठ कापला आणि ते जांभळं, गुळगुळीत, जड केळफूल तिच्या डाव्या तळव्यात येऊन बसलं. डोकं बसतं तसं. अंगठ्याखाली मऊ टाळू होती आणि ती टाळू उडत होती. रेजिनाने डोळे मिटले तरी उडतच होती. मग थांबली. पाटाचं पाणी कुठेही सोडलेलं नव्हतं, सगळी वाडी कोरडी होती, तरी केळीच्या बुंध्यांमधून ‘गुळुक’ असा आवाज आला, आणि पाठोपाठ न्हाणीतल्या शेवाळाचा वास.

केळफूल टाकून ती घरी धावली, थेट न्हाणीत. मोरी पाहिली, बादलीत हात घातला, पाट उचलून पाहिला. मग प्लासिडला हाक मारली, "अहो, जरा न्हाणीत बघून या."

"काय बघू?"

"काही आहे का बघा."

प्लासिड उठला, पाहून आला. "काही नाही." त्याला वाटलं, विंचू असेल. दुसऱ्या दिवशीही पाहून आला. मग रोजच. संसारात माणूस विचारत नाही अशा पुष्कळ गोष्टी असतात.

हा प्लासिड तरुणपणी गावच्या नाटकांतला खलनायक. सणाला चर्चच्या मैदानावर लाकडी माच बांधायचे, फडक्याचा पडदा, गॅसबत्त्यांच्या उजेडाला पाखरं झोंबायची, पुढे चटयांवर म्हाताऱ्या आणि मागे झाडांवर पोरं. दर वर्षी तिसऱ्या अंकात प्लासिड कुणाचा तरी गळा दाबायचा. काय दाबायचा! एकदा एका म्हातारीने त्याच्यावर चप्पल फेकली होती आणि ती त्याने बरीच वर्षं बक्षिसासारखी जपली होती.

त्या दिवसांत प्रीतलला दिवस गेलेले. नववा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. एका दुपारी प्लासिड मांडवावर सुकेळी सुकायला मांडत होता, राजेळी केळी सोलून ओळीने. रेजिना पायरीवर बसली होती, डावा हात पदराखाली धरावा तसा झग्याच्या घडीत लपवून.

"तुम्ही स्टेजवर गळा दाबायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा हाताला काय लागायचं?"

प्लासिड हसला. "घाम लागायचा. आणि समोरचा दर वेळी कांदा खाऊन यायचा, त्याचा वास."

"तसं नाही. तो मेला असं हाताला लागायचं का?"

"मेला कसा? मी दाबतच नव्हतो. बोटं नुसती टेकवायची, मान त्यानेच वाकडी करायची. एकदा चुकून नख लागलं तर मेलेला उठून मला शिवी देऊन परत मेला." तो बोलता बोलता वळला आणि थांबला. रेजिना हसत नव्हती. ती लपवलेल्या हाताकडे बघत होती.

"माझ्या हाताला लागतं," ती म्हणाली. "मी दाबत नाही. पण दाबल्याचं लागतं. प्लासिड, आता आपली प्रीतल बाळ घेऊन येईल. मी तिला सांगू कशी, की तुझं बाळ माझ्या हातात देऊ नकोस?"

तिने त्याला नावाने हाक मारली ती लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. प्लासिडने हातातलं केळं परातीत ठेवलं, हात धोतराला पुसले, आणि तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. तिने सगळं सांगितलं. न्हाणीत रोज तो काय बघायला जात होता तेही.

"म्हणजे मी मेलेलं पोर शोधायला जायचो?" तो हळूच म्हणाला. माशा केळ्यांवर बसत राहिल्या, त्याने हाकलल्या नाहीत.

त्याआधी ती फादरांकडे जाऊन आली होती, एकदा नव्हे, पुष्कळदा. तरुण फादर, नवेच आलेले. पहिल्यांदा त्यांनी तिला धीर दिला, पापमुक्ती दिली. चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिला बरं वाटलं. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. शेवटी फादर कन्फेशनच्या जाळीमागून म्हणाले, "रेजिनामावशी, तुम्ही मला पाप सांगत नाही, आजार सांगताय. हे माझ्या खात्यात येत नाही. पुढच्या वेळी याल तेव्हा डॉक्टरांचं नाव सांगा मला." तिला तेव्हा राग आला होता.

आता प्लासिडने स्कूटर काढली.

वसईच्या बाजारात, कापडाच्या दुकानावरच्या मजल्यावर मनोविकारांच्या एक डॉक्टरीणबाई बसायच्या. पोरसवदा दिसायच्या, चष्मा सारखा नाकावर ढकलायच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला जो आजवर कुणी विचारला नव्हता. "हाताला नेमकं काय लागतं?"

"ओलं. आधी कोमट, मग गार."

"वजन?"

"पायांवर. खूप."

"आवाज? वास?"

रेजिना त्यांच्याकडे बघतच राहिली. जणू बाई त्या न्हाणीत येऊन गेल्या होत्या.

"याला मंत्रचळ म्हणतात, ओसीडी," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं, त्यात नुसते विचार येतात. पण पुष्कळांना विचारासोबत स्पर्श येतो, वास येतो, आवाज येतो. ते खरं नाही हे माणसाला ठाऊक असतं, आणि तरी कातडीला ते खरं लागतं. ज्या माणसाला जी गोष्ट जिवापलीकडे जपावीशी वाटते, नेमकं तिथेच हे येऊन बसतं. तुम्ही कुणाला मारणार नाही आहात, मावशी. पण हे वाक्य मी एकदाच म्हणेन. पुन्हा विचारलंत तर उत्तर देणार नाही."

"का?"

"कारण तुम्ही ते शब्द म्हणता, मोरी तपासता, काकांना बघायला पाठवता, तशीच माझीही एक ओळ पाठ करून ठेवाल."

गोळ्या दिल्या. त्यासोबत अभ्यास दिला, आणि तो गोळ्यांपेक्षा कडू होता. अंघोळ घालायची. शब्द म्हणायचे नाहीत. हाताला लागेल ते लागू द्यायचं. नंतर तपासायचं नाही, आणि घरच्यांनीही तिच्यासाठी तपासायचं नाही. सुरुवात बाहुलीपासून.

प्रीतलची जुनी बाहुली माळ्यावरून निघाली. केस गेलेले, एक पापणी आडवी केली तरी न मिटणारी. रोज सकाळी रेजिना न्हाणीत पाय लांब करून तिला न्हाऊ घालू लागली. बाहुली ती, पोकळ, हलकी. पण पालथी केली की नडग्यांवर जड व्हायची. रबराखाली फडफड सुरू व्हायची, थांबायची. रेजिनाच्या घशात शब्द उभे राहायचे, ती ते गिळायची. दात वाजायचे. प्लासिड दाराबाहेर उभा, हाक आली तरी आत न जाण्याची शपथ घातलेला, दाराच्या फळीवर कपाळ टेकवून. आतून ती म्हणायची, "अहो, बघा ना हो एकदा." आणि तो, ज्याने आयुष्यभर बायकोचा शब्द मोडला नव्हता, तिथून हलायचा नाही. एकदा तिने बाहुली उलटी केली तेव्हा तिचा न मिटणारा डोळा मिटलेला होता. मग तिने बाहुली पुसली, खिडकीत वाळत ठेवली, आणि दार ओढून घेऊन बाहेर आली.

प्रीतलला मुलगी झाली. प्रीतल बाळाला घेऊन घरी येणार त्याच्या आदल्या दिवशी रेजिना कुंपण ओलांडून लतिकाकडे गेली. लतिका पडवीत कळ्या निवडत होती. तिने वर पाहिलं नाही.

रेजिनाने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लतिकाचा हात कळ्यांवरच थांबला. ती म्हणाली, "माझ्या संकेतच्या वेळी?"

"तेव्हा नव्हतं. तेव्हा माझे हात माझेच होते."

"आणि या नातवाला..."

"म्हणून तर आले नाही. तुझ्या घरात मी ते शब्द कसे म्हणणार?"

लतिकाने हातातली कळी टाकली. मग एकाएकी उसळली. "अगं मेले, मग आमच्या निर्मळच्या विमलेश्वराचं नाव घेऊन घालायचं होतंस पाणी! मी काय तुला नको म्हटलं असतं?"

"ते मला कुणी शिकवलं नव्हतं."

लतिका हसू लागली, आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला, कारण ते हसू राहिलं नव्हतं. "गावभर सांगत सुटले मी, रेजिना आता आपल्या घरी येत नाही म्हणून," ती म्हणाली.

"उद्या पाणी घालायला बसशील?" रेजिनाने विचारलं. "एकच आहे, मला धीर द्यायचा नाही. मी काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. गप्प बसायचं."

"गप्प? मी?" लतिका म्हणाली. "मग उद्या त्या डॉक्टरणीकडे मलाच न्यावं लागेल."

दुसऱ्या सकाळी रेजिनाने प्रीतललाही सांगितलं, बाळ हातात घेण्याआधी. प्रीतल आईकडे बघत होती, बाळ छातीशी. क्षणभर तिचे हात घट्ट झाले. ते रेजिनाला दिसलं. कोणत्याही आईचे झाले असते.

"मम्मी," प्रीतल म्हणाली, "हिचा बाप्तिस्मा चर्चमध्ये होणार ना? सगळ्यांसमोर?"

"त्यासाठीच तर ते शब्द गिळायचे," रेजिना म्हणाली.

प्रीतलने बाळ दिलं.

न्हाणीत ऊन होतं. वाफ होती. लतिका घंगाळापाशी उकिडवी बसली होती, ओठ इतके घट्ट मिटून की हनुवटीला खळी पडली होती. रेजिनाने तेल लावलं, पीठ लावलं, पोटावर धारा सोडल्या. नातीने आधी भोकाड पसरलं आणि मग पाण्याची गोडी लागल्यासारखी एकदम गप्प झाली. दोन्ही बायका त्या शांततेत एकमेकींकडे पाहू लागल्या.

रेजिनाने तिला पालथं केलं. कपाळ घोट्यांच्या बेचक्यात. तळवा गळ्याखाली.

ते आलं. असं येईल असं तिला वाटलं नव्हतं. बाहुलीवर आलं होतं ते काहीच नव्हतं. फडफड थांबली, ऊब गेली, मनगटात कळ उठली. नडग्यांवर वजन आलं, मग आणखी एक वजन आलं, दोन बाळं एकावर एक पालथी असावीत तसं. वरचं कोमट आणि खालचं गार. मोरीतून आवाज आला. शेवाळाचा वास इतका दाटला की तिला श्वास घेववेना. ‘पित्याच्या’ हा शब्द जिभेच्या टोकावर येऊन बसला, नुसतं तोंड उघडायची खोटी होती.

"लतिका," ती म्हणाली, "हिला बघ. ही ठीक आहे ना?"

लतिकाने तोंड उघडलं. आणि मिटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती बोलली नाही. तिने तांब्या भरला आणि पुढे केला.

रेजिनाने तो उजव्या हाताने घेतला. पाठीवर धार सोडली. एक संथ धार, खांद्यापासून खाली, कसलेही शब्द न घातलेली. तिचं सगळं अंग थरथरत होतं, फक्त डावा तळवा तेवढा स्थिर होता, जसा तो नेहमीच स्थिर असायचा. तिने आणखी एक तांब्या मागितला. पाणी अजून कढत होतं. गार व्हायच्या आत अंघोळ संपली.

दुपट्यात गुंडाळलेली नात तिने छातीशी धरली आणि उठली. नात रडत होती, लाल होऊन, मुठी आवळून. आणि रेजिनाच्या नडग्यांवरचं ते दुसरं वजन उठलं नाही. ते तिथेच न्हाणीत, पाटाशी राहिलं. तिला पाठीमागे त्याचा ओला श्वास ऐकू येत होता.

उंबऱ्याबाहेर प्रीतल हात पसरून उभी होती, तिच्यामागे प्लासिड. प्लासिडची नजर बायकोच्या खांद्यावरून आत, न्हाणीत गेली. इतक्या दिवसांची सवय. त्याने ती नजर ओढून घेतली आणि नातीकडे वळवली.

रेजिनाने बाळ प्रीतलच्या हातात दिलं. आत ‘गुळुक’ झालं. एकदा, मग पुन्हा, कुणी हाक मारावी तसं.

"काय गं?" लतिकाने घंगाळ उचलत विचारलं. तेवढं विचारायला हरकत नसावी.

"बोलावतंय," रेजिना म्हणाली.

तिने न्हाणीचं दार ओढलं, बाहेरून कडी घातली, आणि ओला हात न पुसता शेगडीवर ओवा टाकायला गेली.